वस्तऱ्याने दाढी: सुरुवात कुठून करू, आणि धार कोणी लावायची?

ऱ्हाइनकाठी (ड्युसेलडॉर्फ)

नमस्कार मंडळी,

मूळचा चिपळूणचा, सध्या मुक्काम ड्युसेलडॉर्फ. इथे शनिवारी आखेनर प्लात्सवर जुना बाजार भरतो. बायको कपबशा बघते, मी लोखंड बघतो. तिथे दोन वस्तरे मिळाले आणि आता डोक्यात किडा शिरलाय की दाढी करायची तर वस्तऱ्यानेच. अर्ध्या ब्लेडचा सलूनवाला नव्हे, अखंड पात्याचा.

पहिला सोलिंगेनचा (पात्यांसाठी नावाजलेलं इथलं जवळचं गाव). पातं १६ मिमी रुंद, दोन्ही बाजूंनी इतकं पोकळ घासलेलं की नखाने टिचकी मारली की किणकिणतं. मूठ काळी. पाठीवर थोडा गंज आहे, धारेपाशी नाही. दुसरा इंग्लंडातल्या शेफील्डचा, जाड, पाचरीच्या आकाराचा, वजनदार. त्याची मूठ पिवळट, आरपार उजेड दिसतो अशी, आणि मिटून ठेवला की कापराचा वास येतो. त्याच्या पात्यावर मात्र मुठीत बसणाऱ्या भागात गंजाचे खड्डे आहेत. पात्याच्या मागे निघालेल्या शेपटीजवळ इंग्रजीत ‘सिल्व्हर स्टील’ असा ठसा आहे. खरंच चांदी असते का यात?

स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी घेतलेला १०००/६००० चा जपानी दगड घरात आहे (दोन बाजूंना दोन दाणे, आकडा मोठा तितका दाणा बारीक). त्याच्यावर सोलिंगेनवाला फिरवला. हातावरचे केस सहज निघतात, गालावर मात्र ओढतो. जुना चामड्याचा कमरपट्टा आहे, तो चालेल का? माझी दाढी राठ आहे आणि गळ्याखाली डाव्या बाजूला केसांचा भोवरा आहे. डिसेंबरात गावी येतोय, तर वस्तरा विमानातून आणता येतो का, आणि कोकणातल्या दमटपणात तो टिकतो का, हेही सांगा.

बायकोने प्रथमोपचाराची पेटी न्हाणीघरात आणून ठेवली आहे. काही बोलली नाही.

टूलरूमवाले नाना (चिंचवड)

हातावरचे केस १००० च्या दगडावरूनही निघतात. ती परीक्षा सुरीची. हातावरची लव मऊ असते, दाढीचा खुंट राठ. तेव्हा त्यावर खूश होऊ नका.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, बहुतेक सरफेस ग्राइंडरवर. वस्तऱ्याचा नाद निवृत्तीच्या जरा आधी लागला. माझं म्हणणं एवढंच की दाढी करणं आणि धार लावणं या दोन विद्या एकदम शिकायला घेऊ नका. गाल ओढला तर दोष हाताचा, कोनाचा, फेसाचा की धारेचा, हे तुम्हाला आज कळायला मार्ग नाही, कारण चांगली धार गालाला कशी लागते हेच अजून माहीत नाही. सोलिंगेनवाला अशा माणसाकडून लावून आणा जो स्वतः वस्तऱ्याने दाढी करतो. जर्मनीत असे लोक सापडतील. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्या दुकानात देऊ नका. तिथे चाकावर धरतील आणि पातं तापेल. पोकळ पात्याच्या धारेशी धातूच इतका थोडा असतो की उष्णता जाणार कुठे? निळी झाक दिसली म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास जाऊन आलं, पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. त्यानंतर कुठलाही दगड त्याला धार देईल, पण ती टिकणार नाही.

लावून आणलेला वस्तरा दोनेक महिने नुसता वापरा आणि रोज चामड्यावर फिरवा. दगड कपाटात. मग एक दिवस तुम्हालाच जाणवेल की तो पहिल्यासारखा चालत नाही. दगड त्या दिवशी बाहेर काढायचा, कारण आता तुम्हाला कुठे परत जायचंय ते ठाऊक आहे.

आता थोडी भूमिती. ड्युसेलडॉर्फात मराठी माणूस म्हणजे इंजिनियर असणार असं धरून चालतो. वस्तऱ्यात कोन धरायचं जिग, म्हणजे कोन पक्का ठेवणारा आधार, बनवणाऱ्यानेच घालून दिलेलं असतं: त्याची पाठ. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. तुमचं पातं १६ मिमी. पाठीची जाडी कॅलिपरने मोजा. ४.५ मिमी भरली तर दोन्ही बाजूंचा मिळून कोन १६ अंशांच्या जरा वर येतो. तिथे वस्तरा सुखी असतो. आधीच्या मालकांनी दाबून घासून पाठ ३.५ मिमीवर आणली असेल तर कोन साडेबारावर उतरतो, आणि इतकी बारीक धार राठ दाढीत मोडायला लागते. अशा वेळी पाठीवर इलेक्ट्रिशियनची काळी पट्टी चिकटवतात. एका थराला साधारण अंशभर कोन वाढतो.

पाठ दगडावरून उचलायची नाही. सुरीवर हात बसलेले लोक नेमके इथे अडतात, कारण सुरीचा कोन हाताने धरायचा असतो आणि ती सवय सुटत नाही. तुम्ही सोलिंगेनवाला त्या दगडावर कसा धरला होता, पाठ टेकवून की उचलून?

दाबाबद्दल. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे. पोकळ पातं दाबलं की वाकतं, धार दगडावरून उठते आणि तुम्ही तासभर भलतीच जागा घासत बसता. खात्री करायची तर धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी मार्कर फासा, दगडावर दोन-चार हलके हात मारा आणि भिंगातून बघा. जिथली शाई गेली तिथे दगड लागतोय. जिथे शाई शिल्लक, तिथे तुम्ही फक्त व्यायाम करताय.

दगडांचं म्हणाल तर १००० ची बाजू पायाची धार बसवायला असते, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार टाचेपासून (धारेचा मुठीकडचा शेवट) टोकापर्यंत एका रेषेत भेटवायला. ते काम वस्तऱ्याच्या आयुष्यात फार क्वचित लागतं. पुढे ४००० च्या आसपास, मग ८०००, मग १२०००. ६००० वर थांबून दाढी होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा करावीशी वाटत नाही. ज्यांना एवढे दगड घ्यायचे नाहीत ते काचेवर लॅपिंग फिल्म (बारीक घासकण लावलेला प्लास्टिकचा पातळ कागद) पाण्याने चिकटवून १ मायक्रॉनपर्यंत उतरतात. तेही उत्तम, आणि काच सपाट असल्याने एक कटकट वाचते.

कारण दगड सपाट आहे हे गृहीत धरायचं नसतं. सुऱ्या घासलेला दगड मधे खोल गेलेला असतोच. पेन्सिलीने त्याच्यावर चौकटी आखा, जाड काचेवर वॉटर पेपर पसरून पाणी घाला आणि दगड त्यावर घासा. सगळ्या रेघा एकदम गेल्या की सपाट.

नैसर्गिक दगडांच्या नादी एवढ्यात लागू नका. बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल तुमच्यापासून फार लांब निघत नाही आणि दिसतोही देखणा. त्यातले गार्नेटचे बारीक कण धार कापतात. माझ्याकडे एक आहे आणि मी तो कोणाला देणार नाही. पण असे दोन दगड एकसारखे वागत नाहीत, आणि शिकताना आणखी एक अनिश्चित गोष्ट कशाला?

कमरपट्टा नको. बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांवर रंगाचा नाहीतर प्लास्टिकचा लेप असतो, आत पुठ्ठा. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं लागतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. माझा पट्टा त्याच जातीच्या म्हशीच्या कातड्याचा, पायाच्या मापाऐवजी लांब पट्टीत कापून घेतलेला. दर वेळी दाढीआधी आधी जाड सुती कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलात की पाठीवर वळवायचं. धारेवर वळवलंत तर पट्ट्याला चीर आणि धारेचा सत्यानाश. पट्टा ताणून धरा. ढिला पडला की तो धारेभोवती वळतो आणि धार गोल होते. वेग वाढवायची घाई नको. सलूनमधला फटाफट आवाज गिऱ्हाइकासाठी असतो.

शेफील्डचा वस्तरा तूर्त बाजूला ठेवा. जाड पाचरीला दगडावर फार मोठी जागा घासावी लागते, शिकायला ते काम नाही.

आळशी बोका (ठाणे)

एवढा खटाटोप कशाला? अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्या. दगड नको, पट्टा नको, ब्लेड बदलली की झालं. हवं ते वस्तऱ्याचं सुख मिळतं.

धोकटी (कराड)

बोकोबा, सुख तुम्हाला मिळतं कारण ते आमच्या हातात असतं. 🙂

आमचं पिढीजात सलून आहे. आजोबा बलुत्यावर होते, वर्षाचं धान्य ठरलेलं. ते निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, वस्तरा पाजळायचे आणि शेवटचे हात तळहातावर मारायचे. आता आमच्याकडे अर्ध्या ब्लेडचाच वस्तरा असतो. एड्सची भीती पसरली तेव्हापासून गिऱ्हाईक बसल्या बसल्या विचारायला लागलं, ब्लेड नवीन घातलं ना? त्याच्यासमोर कागदातच मोडून दाखवावं लागतं. ते बरोबरच आहे. एक अखंड वस्तरा गावाच्या गालांवरून फिरवू नये. पण तुमचा वस्तरा तुमच्याच गालाला, त्यात काही वावगं नाही.

फक्त अर्धं ब्लेड शिकायला सोपं असतं हा समज काढून टाका. वस्तरा वजनाला हलका, ब्लेडचे कोपरे टोकदार, आणि धार इतकी तीक्ष्ण की हात जरा तिरका झाला की रक्त. अखंड पातं वजनदार असतं, आपल्या वजनानेच चालतं, आणि टोक गोल असेल तर बरंच सांभाळून घेतं.

नानांनी दगडाचं सांगितलं, मी गालाचं सांगतो. आंघोळ झाल्यावर दाढी करा. खुंटात पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि त्याला पर्याय नाही. फेस घट्ट दह्यासारखा हवा. हवा भरलेला फुसका फेस दिसायला मोठा, पण वस्तऱ्याखाली टिकत नाही. सुकत आला की ब्रश पुन्हा फिरवायचा, लाजायचं नाही.

धरायचं असं: पातं आणि मूठ काटकोनाहून जास्त उघडा. पात्याच्या मागच्या दांड्यावर वरून तीन बोटं, करंगळी शेपटीवर, अंगठा खालून. आधी पातं गालावर पूर्ण आडवं टेकवा, मग पाठ थोडी वर, म्हणजे तीस अंशांच्या आसपास. त्याहून वर गेलात तर खरवडतं, कमी पडलात तर ओढतं. आणि पातं कधीही धारेच्या लांबीच्या दिशेने आडवं सरकवायचं नाही. माणसं कापून घेतात ती बहुतेक याच हालचालीने, आणि बहुतेक वेळा गालावर टेकवताना नाहीतर उचलताना.

दुसरा हात रिकामा ठेवू नका. कातडी ताणणं ही अर्धी दाढी आहे. कानाजवळून वर ओढा, गाल पत्र्यावाणी टाइट झाला पाहिजे असं वडील म्हणतात. बोटं साबणाने निसटतात म्हणून आम्ही तुरटीवर बोटं घासून घेतो, मग पकड बसते.

सुरुवातीला फक्त गाल. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, केसांच्या दिशेने, छोटे छोटे हात. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरका. गाल सरावाचे झाले की जबडा, मग गळा. हनुवटी आणि ओठावरची जागा सगळ्यात शेवटी. आमच्याकडे पोरं शिकायला येतात तेव्हा फुग्याला फेस लावून देतो. तुम्हीही करून बघा, फुटेल तेव्हा कळेलच.

एक अडचण तुम्हाला आहे जी आम्हाला नाही. आम्ही गिऱ्हाइकाभोवती फिरतो. तुम्ही स्वतःभोवती कसे फिरणार? त्यामुळे उजव्या गालाला उजवा आणि डाव्याला डावा हात शिकवा. पहिले काही दिवस डावा हात परक्याचा वाटेल.

गळ्याच्या भोवऱ्यावर उलटी, म्हणजे केसांच्या विरुद्ध, मारू नका. दाढी न करता दोन दिवस थांबा आणि बोटाने चाचपून बघा, केस कुठल्या बाजूला झोपतात ते. तुमच्या डाव्या बाजूला ते कदाचित मानेकडून पुढे येत असतील, तर हातही तसाच फिरवायचा, वरून खाली नव्हे. राठ आणि वळणाऱ्या केसांवर उलटी मारली की केस कातडीच्या आत कापला जातो, वाढताना आतच वळतो आणि पुळी येते. सुलटी दोनदा मारा, मधे पुन्हा फेस लावून. दाढी झाल्यावर ओली तुरटी फिरवा. जिथे जास्त झोंबेल तिथे हात जड पडला होता.

क्योल्नकर

ऱ्हाइनकाठी, सोलिंगेनच्या उशाशी राहून इथे विचारताय! एस-१ लोकल पकडा आणि जा. ग्रेफ्राट भागात जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे, तिथे तलवारीपासून वस्तऱ्यापर्यंत सगळं बघायला मिळतं. गावात बस ट्रामसारख्या वरच्या तारेवर चालते, तेवढ्यासाठीही जावं. वुपर नदीकाठी विपरकोटन म्हणून पाण्यावर चालणारी धार लावायची जुनी कार्यशाळा अजून उभी आहे. तिथल्या ओलसर अंधारात मोठमोठ्या वालुकाश्मांच्या चाकांसमोर बसून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाती घासली, आणि दगडाच्या धुळीने फुप्फुसं गमावली. तुमच्या वस्तऱ्याची पोकळ पाती तशाच हातांनी घडलेली असतात.

सोलिंगेन हे नाव १९३८ पासून कायद्याने राखीव आहे, त्यामुळे ठशाला अर्थ आहे. नवा घ्यायची वेळ आली तर तिथेच दुरुस्ती आणि धारेची सोय होणारी मंडळी भेटतील.

ऱ्हाइनकाठी (ड्युसेलडॉर्फ)

मंडळी, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळं छापून घेतलं.

नाना, मोजमाप केलं. सोलिंगेनची पाठ ४.४ मिमी. दोन्ही वस्तरे काचेवर उभे धरून बघितले. सोलिंगेनची धार टाचेपासून टोकापर्यंत काचेला लागते. शेफील्डची दोन्ही टोकं लागतात, मधून उजेड दिसतो. पाठ टेकवूनच घासत होतो, पण मार्कर फासून तुमची परीक्षा केली तर सोलिंगेनवर टाचेकडची शाई तशीच राहिली, टोकाकडची पूर्ण गेली. आणि दगडावर चौकटी आखल्या तर मधल्या रेघा काही केल्या जाईनात. म्हणजे दगडच वाकडा.

धोकटीभाऊ, फुगा आणलाय. मुलीने तो वाढदिवसासाठी मागून नेला, दुसरा आणतो.

एक शंका. केस किती मऊ, पोलाद किती कडक. मग धार जाते कशी? आणि ते चांदीचं राहिलंच.

टूलरूमवाले नाना (चिंचवड)

४.४ म्हणजे झकास. चिकटपट्टीची गरज नाही. तो वस्तरा फार कोणी छळलेला दिसत नाही. शाईचं कोडं तुम्हीच सोडवलंत: दगड खोलगट, त्यात टाचेवर हात कमी पडतोय. दगड सपाट करा आणि हात तिरका न्या, टाचेकडून सुरू करून टोकाकडे संपणारा. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं, सरळ ढकललं तर कुठली तरी बाजू उपाशी राहते. पण हे सगळं पुढचं. आधी लावून आणा.

शेफील्डची धार मधे आत गेलेली आहे. ती सरळ करायची तर दोन्ही टोकांकडचं पोलाद उतरवावं लागेल, म्हणजे पातं अरुंद होणार आणि कोन पुन्हा हिशेबात धरावा लागणार. जाड पाचरीवर हे काम हाताने करायला बसलात तर बायको प्रथमोपचाराच्या पेटीऐवजी वकील आणेल.

केस आणि पोलादाची शंका रास्त आहे. केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये यावरच निबंध छापला. साध्या रेझरच्या पात्याने दाढी करून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, मग सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापायची सोय केली. अपेक्षा अशी होती की धार हळूहळू गोल होत असेल. प्रत्यक्षात तिचे बारीक टवके उडत होते. केस पात्याला अगदी काटकोनात लागला तर काही होत नाही. तो वाकून तिरका लागला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की तिथे चीर जाऊन टवका उडतो. प्रयोग स्टेनलेसच्या पात्यावर होता, वस्तऱ्याचं कार्बन पोलाद वेगळं, तरी मी त्यातून एवढं घेतो की आधीच खरखरीत राहिलेली धार लवकर मोडते. शेवटच्या बारीक दगडावर कंटाळा करू नये तो यासाठी.

चांदी. वीजवाला मायकेल फॅरडे आणि लंडनमधला शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवणारा जेम्स स्टोडार्ट या दोघांनी १८२० च्या आसपास पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी. त्याआधी फॅरडेने हिंदुस्थानातून गेलेल्या वूट्झ पोलादाची तपासणी केली होती, आणि स्टोडार्टला त्या पोलादाचं भारी कौतुक. चांदी पोलादात नावालाच मुरते, ५०० भागांत एक भाग. जास्त घातली तर गार होताना थेंबाथेंबाने बाहेर पडते. शेफील्डच्या कारखानदारांनी ते नाव उचललं आणि पुढे कित्येक वर्षं ठशात वापरलं. तुमच्या पात्यात चांदी आहेच असं समजू नका. नाव विकायला चांगलं होतं.

वस्तरा विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देणार नाहीत. चेक-इनच्या सामानात, पातं मिटवून, वर रबर लावून. मुठीतून आपोआप उघडणारा वस्तरा सामान तपासणाऱ्याच्या बोटावर उघडू नये.

शाईदौत (पणजी)

मी जुनी फाउंटन पेनं जमवते, वस्तऱ्यातलं मला काही कळत नाही. पण कापराचा वास वाचून थांबले. तुमच्या शेफील्डची मूठ नक्कीच सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. जुनं झालं की ते विघटित व्हायला लागतं आणि त्यातून आम्लाचे वायू सुटतात. पेनांच्या क्लिपा आणि निबा यानेच गंजतात. तुमच्या पात्यावर गंजाचे खड्डे नेमके मुठीत बसणाऱ्या भागात आहेत, ते याच वायूंमुळे असणार.

आजच तो सोलिंगेनवाल्यापासून वेगळा काढा. दोन्ही एकाच डब्यात असतील तर दुसऱ्यालाही लागेल. बंद डब्यात ठेवू नका, हवा खेळती हवी. मुठीवर भेगांचं जाळं दिसत असेल किंवा ती चिकट लागत असेल तर ती वाचत नाही. आणि मेणबत्ती, हीटर यांपासून लांब ठेवा. सेल्युलॉइड भसकन पेटतं.

कोकणातल्या दमटपणाचं म्हणाल तर इथे पावसाळ्यात माझ्या निबांनाही सिलिका जेलच्या पुड्या लागतात. डिसेंबरात तुम्हाला त्रास नाही.

टूलरूमवाले नाना (चिंचवड)

पेनवाल्या ताईंना मानलं. मला सेल्युलॉइडचं एवढं ठाऊक नव्हतं.

दमटपणाला माझा उपाय: दाढी झाली की पातं पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा, कापड पाठीकडून धारेकडे न्या, धारेवरून आडवं नाही. मुठीच्या आतली फट कागदाच्या पट्टीने टिपून घ्या, गंज तिथूनच सुरू होतो. उघडाच ठेवून तासभर वाळू द्या. रोज वापरायचा नसेल तर शिलाई मशीनचं तेल, एक थेंब, बोटाने. खोबरेल लावू नका, काही दिवसांनी चिकट होतं. आणि न्हाणीघरात ठेवायचाच नाही, कपाटात ठेवा.

ऱ्हाइनकाठी (ड्युसेलडॉर्फ)

शेफील्डवाला खिडकीत एकटा ठेवला आहे. मुठीवर आतल्या बाजूला भेगा आहेतच. पातं काढून घेऊन मूठ बदलता येईल का ते सोलिंगेनच्या फेरीत विचारतो. सोलिंगेनवाला क्योल्नकरांनी व्यनिमधून (खासगी निरोपातून) सुचवलेल्या एका सद्‌गृहस्थांकडे पाठवलाय, ते धार लावून टपालाने परत पाठवतील.

धोकटीभाऊ, चिपळूणला पुण्याहून कराड-कुंभार्ली घाटानेच उतरणार आहे. तुमच्याकडे थांबलो तर हात दाखवाल का?

धोकटी (कराड)

या की. वडिलांना सांगून ठेवतो. अखंड वस्तरा बघून त्यांना बरं वाटेल, आजोबांचा निसणाही काढून ठेवतो. तेवढं सोमवारी येऊ नका, सलून बंद असतं.